विनोदची साखर तीनशे एकेचाळीस

केनवड, ता. रिसोड
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय बाई,

तुह्या धाकट्या भावाचा, जानरावचा, जय भीम घेजो.

आंधी मोठी खबर. माह्या नावानं पार्सल आलं! तू हासशीन, पन छत्तीस वर्षं पोस्टमनची पिशवी खांद्यावर वागवली, साऱ्या केनवडची पार्सलं घरोघरी नेऊन देल्ली, अन् सोताच्या नावाचं पार्सल जिनगानीत पह्यल्यांदा आलं. कुरिअरवाला नरेंद्र फाटकातून म्हने, "भाऊ, इथं सही करा." जन्मभर दुसऱ्यायच्या सह्या घेतल्या, आता आपली कराची पाळी आली तं भलत्याच रकान्यात केली!

आत काय होतं सांगू? साखर तपासाचं मशीन. मोबाईलवरून मागोलं. आपल्या पोरीनं, नीलिमानं, फक्त पत्ता टाकून देल्ला, बाकी सारी बटनं म्या दाबली. आगपेटीपेक्षा थोडंसं मोठं असन. बोटाले बारीक सुई टोचाची, रगताचा थेंब पट्टीले लावाचा, अन् पाच आकडे मोजेपर्यंत साखर किती ते काचेवर हजर. शंभराच्या आगंमागं असली का बेस, दोनशाच्या वर गेली का डाक्टर गाठाचा. माही १०६ आली. बेबीबाई शेजारीन, तिची ११८. तिच्या सुनेची, राखीची, ९१. म्या एक वही केली हाय, त्यात नाव, तारीख अन् आकडा. सुई दर मानसाले नवी लावतो, त्यात कंजुशी नाही.

त्याच्या मांगून आनखी एक डब्बा मागोला, सात तपासन्या एकाच डब्ब्यात. लघवीची पट्टी हाय, तिच्यावर धा रंगाचे चौकोन येतात. रगत कमी हाय का ते पाह्याचं हाय, थायरॉइडचं हाय. अन् बाई, काय सांगू, त्यात पोट राह्यलं का ते पाह्याची पट्टीबी निंगाली! त्रेसष्ट वर्षाचा रंडवा मानूस, मले तिचं काय काम? नीलिमा तं हासून हासून खाली बसली.

हासू दे. हे खूळ माह्या डोक्यात काहून शिरलं ते तुले सांगाची गरज नाही. तुह्या भावजयीची, विजयमालाची, साखर आमाले कवा कळली? पायाची जखम महिनाभर भरली नाही तवा. तोवर किडनीपर्यंत गेल्तं सारं. मंग सात वर्षं सुया, पथ्य, वाशीमच्या चकरा. हे मशीन तवा घरात असतं तं आज ती दारात बसून माह्यावर खेकसत असती. म्हनून आता या घरात जो येईन त्याचं बोट मी टोचीन, मंग तो पाहुना असो का कोनी असो.

तुह्या देराच्या पोराचं, विनोदचं, काय ठरलं? चोवीस तारखेले रविवार हाय. पसंतीले त्याच दिवशी या. चार पोरायले नाही म्हटल्यावर नीलिमानं सोताच्या तोंडानं "बाबा, हे चालते" म्हटलं बाई. मी तं खुर्चीवरून उठलोच. ही गोठ जमली का माही जिनगानी सुफळ झाली.

तुहा,
जानराव

*

धनज, ता. कारंजा
१२ नोव्हेंबर २०२४

चिरंजीव जानूस,

रुख्मिणीचे अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र दोनदा वाचलं अन् दोन्ही खेपी हासली. फोनवर मले आता आयकू येत नाही, म्हनून तुह्यासारखा पत्र लिवनारा भाऊ हाय हे बेस झालं.

पसंतीचं पक्कं. चोवीसले आमी गाडी करून सकाळीच निंघतो. देर, देरानी, विनोद, मी अन् गावचे पाच-सहा थोर. माही देरानी आतापासूनच लुगडं काढून ठेवून राह्यली. विनोद तं महावितरणच्या खांबावर चढाच्या आंधी दाढी करून जाते म्हन्तात! लाईनमनची दाढी कोन पाह्यते वर, कावळे?

जानू, मी मनातलं सांगते. हे सोयरपन मी जोडलं हाय. नीलिमा माही भाची, विनोद माह्या मांडीवर वाढलेला पुतन्या. दोन्हीकडून माहाच शब्द हाय. त्यायचं चांगलं झालं तं मले कोनी काही म्हननार नाही, अन् बिनसलं तं दोन्ही घरचे दरवाजे मलेच बंद. माह्या वयात मले तेवढं सोसत नाही.

म्हनून दोन गोठी ध्यानात ठेव. एक, आपली रीत. पसंती झाली का पोरानं पोरीकडच्या साऱ्या थोरायच्या तोंडात सोताच्या हातानं पेढा घालाचा. आपला बाबा म्हने, ज्याच्या हातून खाल्लं त्याले मंग नाही म्हनता येत नाही. पेढे मी कारंज्याहून आनते, तुमच्याकडचे कोरडे राह्यतात. दुसरी, ते तुहं मशीन. त्या दिवशी ते आलमारीत कुलूप लावून ठेव. पाहुन्यायचे बोटं टोचाची ती जागा नाही. मी तुले वळखते, म्हनून लिवलं.

बाकी भेटीत.

तुही बाई,
रुख्मिणी

*

केनवड
२७ नोव्हेंबर २०२४

प्रिय बाई,

जय भीम.

तुमी सारे सुखरूप पोचले हे देराच्या फोनवरून समजलं. पाहुनचारात काही कमी राह्यलं असन तं माफी.

एक सांगाचं होतं. साक्षगंधाची ठरलेली पंधरा डिसेंबर ही तारीख तूर्त धरू नको, सोनाराले आंगठ्या सांगू नको. थोडं थांबू. मले जरासा इचार कराचा हाय. काहून ते विचारू नको, वेळ आली का मीच सांगीन. नीलिमालेबी सांगतलं का काही दिस विनोदले फोन करू नको. तिनं "बरं" म्हटलं, एका शब्दानं उलटून विचारलं नाही. पोरगी गुनाची हाय.

थंडी वाढली. गुडघे सांभाळजो.

जानराव

*

धनज
३ डिसेंबर २०२४

जानू,

आशीर्वाद मांगून देईन, आंधी मले सांग, तुले झालं तरी काय?

चोवीस तारखेले तुह्या घरून आमी हासत निंघालो. देरानी गाडीत गाने म्हनत आली. गावात साऱ्यायले सांगून टाकलं. अन् तीन दिवसानं तुहं हे टिचभर पत्र! "थोडं थांबू." कायले थांबू? कोनाच्या साठी थांबू?

मले सारं समजते. तुह्या पोरीले तहसील कचेरीत नोकरी लागली, ती बी.ए. झाली, अन् विनोद आयटीआय. तुले आता लाईनमन जवाई हलका वाटून राह्यला. कोनी साहेब दाखवला असन कोन्या मध्यस्थानं, हाय ना? अरे, वादळात सारं गाव अंधारात बसते तवा हाच पोरगा खांबावर चढते. जीव मुठीत धरून कमावलेली भाकर हाय त्याची. त्यानं तुह्या तोंडात पेढा घातला तवा तुह्या डोळ्यात पानी आलं होतं, म्या पाह्यलं. ते पानी खोटं होतं का?

देराले मी काय सांगू? रोज सकाळी विचारते, "वहिनी, केनवडचं काही आलं का?" मी चुलीकडं तोंड करून बसते. सदुसष्टाव्या वर्षी मले चोरावानी वागाले लावलं तू.

आईच्या जागी असलेल्या बहिनीपासून लपवून तू काय मोठा झाला रे? खरं काय ते लिव, नाही तं मी एसटीत बसून येते अन् साऱ्या गल्लीसमोर विचारते.

रुख्मिणी

*

केनवड
९ डिसेंबर २०२४

बाई,

तुहं पत्र वाचून मी अर्धा दिस जेवलो नाही. तू म्हन्ते तसं काही नाही वो. विनोद हलका वाटला असता तं मले बरं वाटलं असतं, कारन मंग चूक माही असती अन् दुरुस्त करता आली असती.

आता आयक, अन् वाचून हे पत्र चुलीत टाक.

तू मशीन काढू नको म्हटलं होतं. म्या काढलं. पेढे झाले, चहा झाला, मंडळी पान लावत बसली, अन् माह्या आंगात आलं. वही देऊन नीलिमाले बाजूले बसवलं. मी आकडा सांगाचा, तिनं लिवाचा. तुह्या देराची १२१ आली. गावच्या पाटलाची १३५. तुही ११४ आली ते तुले आठवत असन. सारे खुश! मंग विनोद सोताहून पुढं आला. हात पुढं करून म्हने, "मामा, माहीबी पाहा." किती चांगला वाटला तो मले तवा.

त्याचा आकडा आला तीनशे एकेचाळीस.

बाई, माह्या पायाखालची जमीन सरकली. विजयमालाचा पह्यला आकडा आला तवाबी असंच धस्स झालं होतं. नीलिमा पेन घेऊन थांबली होती. म्या म्हटलं, "एकशेबारा." तिनं ११२ लिवलं. सारे टाळ्या वाजवून हासले, मीबी हासलो. कसा हासलो ते माहं मले माहीत.

तूच सांग, काय करू? तीस वर्षाचा पोरगा, एवढी साखर. अन् काम खांबावरचं. तारेजवळ असताना डोळ्यासमोर अंधारी आली तं? सोड, तेबी सोड. पन माह्या पोरीनं आईचे सात वर्षं पाह्यले. कालिजातून आली का आंधी आईचा पाय पुसाची, मंग सोताचं ताट वाढून घ्याची. आता तिचे हासाखेळाचे दिस, अन् मीच तिले पुन्हा त्याच घरात ढकलू? माह्याच्यानं होत नाही बाई. कोनी मले कसाई म्हनो, लोभी म्हनो, चालते.

विनोदच्या घरी हे सांगू नको. कुवाऱ्या पोराच्या नावानं अशी गोठ गावात गेली का त्याले कोनी पोरगी देनार नाही. त्याचं वाईट मले कराचं नाही. तू म्हन, जानरावच फिरला. दोष माह्यावर टाक.

एक बरं हाय. काल रविवारी नीलिमा मैत्रिनीकडं वाशीमले गेल्ती. संध्याकाळी परतली तं चेहरा कसा फुललेला! गुनगुनत भाकरी थापल्या. म्या मनात म्हटलं, चला, विसरली विनोदले. पोरींचं मन लवकर सावरते.

तुहा अभागी भाऊ,
जानराव

*

धनज
१४ डिसेंबर २०२४

जानू,

आशीर्वाद.

तुले काय काय बोलली मी. मनावर घेऊ नको. पत्र चुलीत टाकलं, पन त्यातला आकडा काही जळत नाही, रात्रंदिस डोळ्यापुढं नाचते.

मी तीन दिसापासून विनोदवर नजर ठेवून हाय. साखर असली का मानूस सारखा पानी पिते, एवढं विजयमालाच्यानं मले ठाऊक. म्हनून काही ना काही काम काढून त्याच्या घरी जाते अन् त्याचे गिलास मोजते. काल तीन पेला. परवा दोन. देरानी म्हने, "बाई, आजकाल लय जीव लागला तुमाले आमच्या घराचा!" वजनबी उतरलं नाही त्याचं, उलटं गालावर आलं.

अन् एक गोठ मले डाचून राह्यली. लगन लांबलं म्हनून पोरगं मनाले लावून घेईन असं वाटलं होतं. काहीच नाही! शीळ घालत ड्युटीवर जाते. आईनं विचारलं तं म्हने, "मामा सांगतीन तवा सांगतीन, घाई कायची." मले तं राग आला. एवढी आपली पोरगी अन् याले काही वाटत नाही? नीलिमाबी तिकडं गुनगुनते म्हन्ते तू. आजकालच्या पोरायचं काळीज कायचं बनलं हाय कोन जाने. आपलाच जीव उगाच खालीवर होते.

पन जानू, एक विचारू? तू त्याची साखर एकदाच पाह्यली, हाय ना? आपन कवडीचा माठ घेताना तीन जागी वाजवून पाह्यतो. अन् पोरीले तू सांगतलं नाही, हे मले पटलं नाही. लगन तिचं. तिले न इचारता तू जमवलं नाही, मंग तिले न सांगता मोडतो कसा? बापाच्या मायेनं केलं तरी ते चुकलंच. आजच्या आज तिले समोर बसव अन् खरा आकडा सांग. ती रडन तं रडू दे.

तुही बाई,
रुख्मिणी

*

केनवड
२० डिसेंबर २०२४

बाई! बाई! बाई!

मी भैताड! मी साऱ्या रिसोड तालुक्यातला एक नंबरचा भैताड! हे पत्र उभ्यानंच वाच, अन् वाचून झालं का चप्पल घालून देराच्या घरी पय!

नीट सांगतो, थांब.

ती पोट राह्यलं का पाह्याची पट्टी आठवते? तुह्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी म्या ती बेबीबाईले देऊन टाकली, म्हटलं पडून पडून खराब होईन. तिनं राखीले देल्ली. काल सकाळी बेबीबाई कंपाउंडवरून वरडली, "भाऊ, दोन लाल रेघा!" लगनाले पाच वर्षं झाली होती वो राखीच्या! साऱ्या गल्लीत एकच कालवा झाला. सासूसुना दोघी आशाताईकडं गेल्या, तिनंबी पुन्हा तपासलं अन् पक्कं सांगतलं. मंग पेढे! बेबीबाईनं ताट माह्यासमोर धरलं, म्हने, "तुमच्या पार्सलाचे पाय लागले." म्या दोन पेढे घेतले, एक मोडून गल्लीतल्या एका पोराच्या हातात देल्ला, एक खाल्ला.

अन् त्याच खुशीत, रोजच्या सवयीनं, मशीन काढून सोताचं बोट टोचलं.

तीनशे अठ्ठ्यान्नव!

बाई, मी पलंगावर बसलो. दीड महिना रोज शंभर-एकशेधा, अन् आज चारशेले दोन कमी! उठलो, रांजनावर गेलो, तोंडावर पानी मारलं, हात चोळून धुतले, तांब्याभर पेलो. मंग मनात आलं, पुन्हा पाहू. पुन्हा टोचलं. १०८!

पाच मिनिटात मानसाची साखर तीनशेनं उतरते का? मी मशीनले शिव्या देल्ल्या. मंग बोटाकडं पाह्यलं. मंग ताटाकडं पाह्यलं. अन् डोक्यात लख्ख उजेड पडला.

दोन्ही हात साबनानं घासून धुतले, कोरडे केले. डाव्या हातानं काही शिवलं नाही, उजव्या हातानं पेढा कुस्करला. दोन्ही बोटं टोचली. डाव्याची १०७, उजव्याची ३६०! आता सांग मले, एकाच मानसाच्या डाव्या हातात साखर नाही अन् उजव्या हातात हाय, असं कवा झालं का दुनियेत? रगतात नाही, पेढा बोटाले लागला होता वो! मी येकटाच घरात नाचलो. त्रेसष्ट वर्षाचा मानूस, खरंच नाचलो!

विनोदनं त्या दिवशी आमच्या चाळीस मानसायच्या तोंडात पेढे घातले होते. आमचे हात कोरडे होते, आमाले तं तोंडातच मिळाले. चिकट हात एकट्या त्याचा! अन् मशीनसंगं आलेले पुसाचे ओले कापूस तोवर सरले होते, म्या त्याचं बोट आपलं असंच रुमालानं पुसलं.

मंग चष्मा लावून मशीनचा कागद वाचला. पह्यलीच ओळ, मोठ्या अक्षरात: हात साबनानं धुऊन कोरडे करा. दीड महिन्यापासून तो कागद घरात हाय. पन छत्तीस वर्षं वरचा पत्ता वाचला अन् पुढं गेलो, आत काय लिवलं ते वाचाची सवयच लागली नाही मले. या सवयीपायी पोरीचं लगन मोडाले निंगालो होतो.

आता तू देराले सारं खरं सांग. विनोदले घेऊन कारंज्याच्या दवाखान्यात एकदा नीट तपासून घे, माह्या मशीनवर आता माहाच भरोसा नाही. माह्या वतीनं पाय धर सगळ्यायचे. नीलिमाले अजून सांगाची हिंमत झाली नाही. कोन्या तोंडानं सांगू का तुह्या सुखाच्या आडवा मी आलो होतो, तेबी एका पेढ्यासाठी? तिच्या डोळ्याले डोळा भिडवाची लाज वाटते. तू काहीतरी इलाज सांग. पन आंधी पय!

तुहा,
जानराव

*

धनज
२६ डिसेंबर २०२४

चिरंजीव जानूस,

रुख्मिणीचे लाख आशीर्वाद.

पयली रे पयली! गुडघे विसरून पयली. तुहं पत्र हातात घेऊनच देराच्या घरात घुसली अन् मोठ्यानं वाचून दाखवलं. डाव्या अन् उजव्या हाताच्या जागेवर आली तं देर हासता हासता खोकलाले लागला. देरानीनं डोळ्याले पदर लावला. म्हने, "एवढंच होतं तं मले विचारलं असतं, माह्या पोराले काय झालं ते मले नसतं समजलं?" तिचं बरोबर हाय. तिची माफी तुले वेगळी मांगा लागन.

पन विनोद हासला नाही. उठून आत गेला, ड्युटीची बॅग आनली, तिच्यातून एक कागद काढला अन् माह्या हातात देल्ला. कारंज्याच्या सरकारी दवाखान्याचा. उपाशीपोटी ९४, जेवल्यावर १२६. तारीख पाच डिसेंबर!

म्या म्हटलं, "बाप्पा, तुले कोनी सांगतलं तपासाले? अन् वीस दिसापासून हा कागद बॅगेत घेऊन फिरतो, दाखवला काहून नाही? मी इथं तुह्ये पान्याचे गिलास मोजून राह्यली!"

तं म्हने, "मोठीआई, हा कागद पाहून मामायनं होकार देल्ला असता तं तो कागदाले होकार झाला असता. मले ज्याची गरज होती तो होकार आंधीच येऊन बसला हाय." अन् आनखी एक पाकीट काढलं. तुह्याच केनवड पोस्टाचा शिक्का हाय त्याच्यावर, पाह्य नीट.

ते पाकीट त्याच्या परवानगीनं तुले धाडून राह्यली. तो म्हने, "मामायले वाचू द्या, पन परत पाठवा म्हना, मले ठेवाचं हाय." आठ तारखेले हा ड्युटी बदलून वाशीमले कायले गेल्ता अन् तुही पोरगी कोन्या मैत्रिनीले भेटली, ते आता तुले समजन. आपन दोघं म्हातारे त्यायच्या काळजाची कीव करून राह्यलो होतो!

तारीख नीट पाह्यजो. तुह्या त्या पेढ्याच्या शोधाच्या तीन आठवडे आंधीची हाय. तवा तिच्यासाठी तीनशे एकेचाळीस हे खरं होतं.

साक्षगंध बारा जानेवारीले, रविवारी, धनजले. पेढे या खेपी तू आनाचे, अन् विनोदच्या तोंडात तू घालाचे.

तुही बाई,
रुख्मिणी

(सोबत नीलिमाचं पत्र)

*

केनवड
२८ नोव्हेंबर २०२४

श्री. विनोद यांना,

जय भीम. बाबांनी तुम्हाला फोन करू नको म्हणून सांगितलं आहे. मी बरं म्हटलं, आणि दिलेला शब्द मी मोडत नाही. पत्राचं ते काही बोलले नाहीत. इतकी वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला पत्र आठवलं नाही, यात माझा काही दोष नाही.

साक्षगंध पुढे का ढकललं, हे तुम्हाला कोणीच सांगणार नाही, म्हणून मी सांगते. रविवारी तुमचं बोट तपासलं तेव्हा बाबांनी मला ११२ लिहायला सांगितलं आणि मी लिहिलं. पण मशीन माझ्याकडे तोंड करून होतं. त्यावर ३४१ होते. बाबांचा आवाज कसा झाला तेही मी ऐकलं. त्यांच्यावर रागावू नका. ते खोटं बोलले ते मला वाचवायला बोलले.

मी चार दिवस काही केलं नाही, फक्त विचार केला. पुढे कधी तुम्हाला वाटायला नको की हिने भरात येऊन लिहिलं.

आईच्या आजारात सात वर्षं मी तिच्यासोबत होते. इंजेक्शन मीच द्यायची, बाबांचा हात कापायचा. बाबांना वाटतं ती वर्षं माझ्या वाट्याला पुन्हा येऊ नयेत. त्यांना फक्त जखमा आठवतात. मला आणखीही आठवतं. आई आणि मी आयुष्यात सगळ्यात जास्त हसलो, ते त्याच सात वर्षांत. दवाखान्याच्या रांगेत बसून आम्ही लोकांच्या नकला करायचो. आजार काय असतो मला माहीत आहे, आणि आजारी माणसाबरोबर चांगलं जगता येतं, हेही मला माहीत आहे.

म्हणून माझा होकार होता, तो तसाच आहे.

तुम्ही कारंज्याच्या दवाखान्यात एकदा नीट तपासून घ्या. आकडा कमी आला तर आनंदच आहे. जास्त आला तर औषध लवकर सुरू होईल, आईसारखा उशीर होणार नाही. माझं उत्तर दोन्हीकडे एकच. बाबांना मी आत्ता काही बोलणार नाही. त्यांना वेळ लागेल, तो मी देणार आहे. पण वेळ त्यांचा असला तरी लग्न माझं आहे, आणि ते मी तुमच्याशीच करणार आहे.

आठ डिसेंबरला, रविवारी, अकरा वाजता मी वाशीमच्या स्टँडवर येते. रिपोर्ट आणला नाही तरी चालेल. डबा मी आणते आहे दोघांचा, जेवून येऊ नका.

नीलिमा